मेडिकलवरची तीन-औषधी गजकर्णाची ट्यूब: खाजेले पाच स्टार, बाकी एकच

मागितली का लगेच भेटते ना, त्या ट्यूबबद्दल लिहून राहिलो. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण ढीगभर कंपन्या सेम मसाला इकतात, एक फंगसचं औषध, एक अँटिबायोटिक अन् एक कडक स्टेरॉइड.

खाजेवर काम झकास. रात्री लावली का सकाळी आराम, लाली बी उतरते. आमचे मोठे बाबा पऱ्हाटीत फवारणी करतात म्हणून सगळे म्हणत औषध अंगावर उतरलं असंन, अन् कमरेले, मांडीले चट्टे म्हणजे घामाचं गजकर्णच. लावली का दबे, सोडली का परत, थोडे मोठे होऊन. असं लय वर्षं चाललं, मेडिकलवाल्यानं एकदाही विचारलं नाही का बापा कितवी ट्यूब. 2018 पासून असल्या बऱ्याच स्टेरॉइड मलमाले डॉक्टरची चिठ्ठी लागते, पण आमच्या गावात चिठ्ठी फक्त उधारीची चालते.

शेवटी मोठ्या दवाखान्यात स्किनच्या मॅडमनं चट्टा खरवडून काचेवर पाहिला, फंगस नाहीच. म्हणे ट्यूब बंद करा, काही आठवड्यांनी बायोप्सी करू, म्हणजे कातडीचा बारका तुकडा काढून तपासू, स्टेरॉइड लावून असलं तर तुकड्यात दिसायचं ते पुसट होते. पहिल्या तुकड्यात पक्कं झालं नाही, दुसऱ्यात झालं, मायकोसिस फंगॉइडिस, म्हणजे कातडीतल्या टी-पेशींचा (जंतूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) लिम्फोमा, एक प्रकारचा कॅन्सर.

मॅडमनं समजावलं ते टाकतो, ट्यूबचा सगळा खेळ त्यातच आहे. सीडी4 जातीच्या टी-पेशींपैकी काहींवर सीसीआर4 नावाचा रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारा आकडा असते, कातडीतून निरोप आला का त्याच्यानं कळते अन् पेशी तिकडं जाते. जंतू आला का लढणं, काम झालं का बहुतेकींनी मरणं, असा हिशोब. या आजारात बऱ्याच पेशंटमध्ये जॅक-स्टॅट नावाची आतली वायर चालूच राहून जाते, पेशी मरायचं नाव घेत नाही, वरून आयएल-31 सारखी रसायनं सुटतात अन् खाजेमागं त्यांचा मोठा हात असते. स्टेरॉइड हे निरोप दाबते म्हणून बरं वाटते, पण निदान बाकीच राहते.

अन् गंमत पाहा, आता मॅडमनं लिहून दिलं ते बी कडक स्टेरॉइड मलमच, सोबत नॅरोबँड यूव्हीबीचा (अतिनील किरणांचा) लाईट, 311 नॅनोमीटरचा. सुरुवातीच्या स्टेजले हेच चालते, केमोची गरज सहसा पडत नाही. मग ट्यूबले शिव्या काऊन? तिनं आजार इतके दिवस लपवून ठेवला म्हणून, अन् खरं गजकर्ण असतं तरी स्टेरॉइडनं ते आणखी पसरलं असतं. लाईटसाठी आठवड्यातून दोन-तीनदा जा लागते, सोयाबीन काढणीत कोण नेते हा वेगळा वांधा.

सीसीआर4 लेच धरणारं मोगामुलिझुमॅब नावाचं इंजेक्शन अमेरिकेत 2018 ले मंजूर झालं. मोठे बाबानं विचारलंच, "मंग आमाले काऊन नाही?" मॅडम म्हणे ते आधीचं औषध लागू न पडलेल्या पुढच्या केसेसले, तुमचं अजून कातडीवरच आहे, असे लोक वर्षानुवर्षं शेती करतात.

तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. महिनाभर लावूनही चट्टा तसाच असंन तर खरवडून तपासा, ओपीडीतच होते, अन् जाताना आतापर्यंत लावलेल्या रिकाम्या ट्यूबा पिशवीत घालून न्या.