जिगसॉ चांगला, पण त्याची बेस प्लेट!

वॅट, वेग, स्ट्रोक सगळं डब्यावर छापलेलं आहे, ते पुन्हा लिहीत नाही. जिगसॉ म्हणजे वरखाली हलणाऱ्या पात्याची विजेची हातातली करवत. हे मशीन मी एकाच कामासाठी घेतलं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात वसईतल्या आमच्या वाडीतला फणस आडवा झाला. आजोबांच्या हातचा. खोड वखारीत चिरून आणलं आणि इंचाला एक वर्ष या हिशोबाने पडवीत वाळवलं. आता नात्यात कुणाचं लग्न असो की पोराचं पहिलं कम्युनियन, त्याच फळ्यांतून क्रूस करून देतो.

अख्ख्या फळीतून क्रूस कापू नका. क्रूसाच्या आडव्या हातांत लाकडाची रेषा लांबीला धरून न येता आडवी येते, पडला की हात तुटलाच. दोन पट्ट्या घ्यायच्या, दोन्हींना निम्म्या जाडीची खाच पाडायची आणि एकमेकींत बसवायच्या. खाच मी हातकरवत आणि पटाशीनेच पाडतो. जिगसॉ फक्त पट्ट्या आणि टोकांच्या पाकळ्या कापायला.

आणि तिथेच घोळ. बेस प्लेट, म्हणजे मशीनखालची लाकडावर टेकणारी पट्टी, पात्याशी काटकोनात राहत नाही! गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून स्क्रू आवळा, चार काप झाले की थरथरीने पुन्हा ढिली. २० मिमी जाडीत एक अंश ढळला तर कड ०.३५ मिमी सरकते. किरकोळ वाटेल, पण सांध्यात व्हिजिटिंग कार्ड घुसेल एवढी फट दिसते. बाजारचं लाकूड असतं तर शिव्या घालून दुसरं आणलं असतं. हा फणस कुठल्या दुकानात मिळणार?

त्यात नाताळच्या आधी, ऐन घाईत, मशीनमधून ठिणग्या आणि जळका वास. सर्व्हिस सेंटरने तपासणीचे पैसे आधी घेतले, मग ‘आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) गेलं’ म्हणून नव्या मशीनच्या निम्मी रक्कम सांगितली. प्लेटचं विचारलं तर ‘वापरात असं होतंच’. मशीन उचलून घरी आणलं. नाक्यावरच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याने उघडून दाखवलं: फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजून खुंट झालेले. शंभराच्या आत नवी जोडी बसली, तेव्हापासून तक्रार नाही. त्या रागात इथे एकच तारा दिला होता.

आता तीन करतोय. एक तारा टी१०१बीआर पात्याचा. दात उलटे असल्याने वरची बाजू फुटत नाही. फणसाची कड इतकी साफ येते की पॉलिश पेपरचं काम निम्मं होतं. दुसरा माझ्याच जुगाडाचा: प्लेटच्या स्क्रूखाली स्प्रिंग वॉशर घातला, आता काटकोन बराच वेळ टिकतो. दोन रुपयांचा वॉशर कंपनीला का सुचू नये?

ज्यांना फणसाचं काम करायचंय त्यांच्यासाठी: ताजा काप हळदीसारखा पिवळा असतो, उजेडात महिन्यांगणिक तपकिरी होतो. आत्याचा फोन आला होता, ‘अरे, तुझा क्रूस काळा पडला, कीड लागली का?’ कीड गाभ्याला सहसा लागत नाही, बाहेरच्या फिकट लाकडाला लागते. ते आधीच कापून टाका, जीव तुटला तरी.

मशीन घेणार असाल तर गुण्या खिशात घालून जा आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच प्लेटला लावून बघा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.