शेतातली पोर्टा केबिन: माल चांगला, पण "परवानगी लागत नाही" हे खोटं निघालं

मागच्या उन्हाळ्यात शेतात ठेवायला 20 बाय 10 फुटाची पोर्टा केबिन, म्हणजे तयार पॅनलचं उचलून नेता येणारं घर, घेतली, एक खोली, छोटं किचन अन् संडास-बाथरूम, वाहतूक धरून 2 लाख 60 हजार पडले. लातूर जिल्ह्यात एका नगरपालिकेच्या हद्दीला लागून आमचं दीड एकर आहे. डीलरचं नाव टाकत नाही पण अनुभव सगळा लिहितोय, कारण आमच्याकडं आता लई जण अशी केबिन घ्यायलेत.

केबिनच का, तर आईमुळं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आलती, माळवदाच्या घरांच्या दगडमातीखालून माणसं काढताना तिनं बघितलेत अन् नंतर पत्र्याच्या शेडात दिवस काढलेत. डोक्यावर जड काही नको एवढंच तिचं म्हणणं. हलकी केबिन बघून ती पहिल्यांदा शेतात मुक्कामाला हो म्हणली, म्हणून मी जास्त चौकशी न करता ॲडव्हान्स देऊन टाकला.

मालाबद्दल आधी सांगतो. भिंतीचं पॅनल जाड आहे, मे महिन्यात दुपारी आत कूलर लावला की बसवतं, पहिल्या पावसात छताच्या जोडातून एक थेंब आला नाही. दाराची कडी तेवढी ढिली होती, ती आमच्या वेल्डरनं नीट केली. ट्रेलर पांदण रस्त्यानं आत येईना म्हणून हायड्रा (क्रेन) लावावा लागला, त्याचे 6 हजार वेगळे गेले, हे डीलरनं आधी सांगायला पाहिजे होतं.

आता खरी गोष्ट. डीलर म्हणला, "दादा, ह्याला पाया नाही, उचलून कुठंबी नेता येतं, म्हणजे हे बांधकाम नाहीच, परवानगीचं टेन्शन घेऊ नका." कॅटलॉगवर पण तेच छापलंय. केबिन ठेवून तीन आठवडे झाले अन् तलाठी आले, फोटो काढले, पंचनामा केला, मग तहसीलची नोटीस आली, विनापरवाना अकृषिक वापर (शेतीशिवाय दुसरा वापर), जमीन महसूल संहितेचं कलम 45. त्यात दंड पण होतो अन् काढून टाकायचा आदेश पण निघू शकतो. आई तर त्या दिवशी जेवली नाही.

तहसीलच्या महसूल शाखेत एका बाईंनी मला अर्धा तास बसवून समजावून सांगितलं, त्यांचे उपकार आहेत. त्या म्हणल्या, "पाया आहे का चाकं आहेत हे आम्ही बघत नाही, शेतजमिनीचा वापर कशाला करायलात ते बघतो." अन् खरंच आहे की, आपण खाली सिमेंटचे सहा ठोकळे ओतले, शोषखड्डा घेतला, लाईट ओढली, मग ते उचलून न्यायचं राहिलं कुठं? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 मध्ये शेतघर म्हणून सोय आहे, शेतकऱ्यानं स्वतःच्या कुटुंबाला राहायला, अवजारं-खत ठेवायला बांधलेलं घर त्यात बसतं. पण शहराजवळच्या पट्ट्यात आधी परवानगी घ्यावी लागते अन् जमीन 0.4 हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण एक एकरापेक्षा कमी असेल तर ती मिळतच नाही. आमचं दीड एकर म्हणून वाचलो. पाहुण्यांना भाड्यानं द्यायची असेल तर मात्र ते शेतघर राहत नाही, त्याला तेव्हा वेगळी एनए, म्हणजे अकृषिक परवानगी, लागायची. गावठाणाला लागून 200 मीटरच्या आत जमीन असली तर तेव्हा कलम 42-ड ची सवलत होती, रूपांतरण कर अन् अकृषिक आकारणी भरून सनद (परवानगीचा कागद) मिळायची, एनएचा वेगळा खटाटोप लागायचा नाही; आता काय नियम आहे तेवढं विचारून घ्या.

अन् एक, ग्रामपंचायतीची एनओसी हातात आली म्हणून निश्चिंत होऊ नका. माझ्याकडं ती होती, सरपंचांची सही, शिक्का सगळं. शेतजमिनीच्या वापराचा विषय महसूलचा आहे, तिथं त्या कागदावर भागलं नाही.

मग सातबारा, आठ अ, मोजणीचा नकाशा अन् केबिनचं ड्रॉइंग लावून अर्ज दिला, पोहोच घेतली. ड्रॉइंगवर सही-शिक्का पाहिजे होता तर डीलरनं त्यासाठी तीन चकरा मारायला लावल्या. सगळं व्हायला अडीच महिने गेले, तोवर केबिन कुलपात, आईची बाज आत तशीच उभी करून ठेवलेली, सोयाबीनची पेरणी पण गावातूनच ये-जा करून केली. हेच आधी अर्ज करून केबिन नंतर आणली असती तर ना नोटीस आली असती ना घरात तो घोर लागला असता.

म्हणून केबिनला 4 स्टार, सल्ल्याला 1, मिळून 2 देतोय. डीलरला परवा फोन करून सांगितलं की कॅटलॉगमधली "परवानगीची गरज नाही" ही ओळ काढा, कुणाचं तरी नुकसान होईल. बघतो म्हणलेत. काढली की इथं येऊन स्टार वाढवीन.