एफएल-४१ चा गुलाबी चष्मा: मायग्रेनवाल्यांनी घ्यावा का?

एफएल-४१ हे काचेला दिलेल्या एका खास गुलाबी रंगाचं नाव. आधीच सांगून देते, या चष्म्याने मायग्रेन बरा होत नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो. पण ट्यूबलाइट अन् कॉम्प्युटरचा जो त्रास असतो ना, तो बऱ्यापैकी कमी होतो, आणि माझे पैसे तेवढ्यावरच वसूल झाले. पाचपैकी साडेतीन स्टार, दीड काहून कापला ते पुढे येईलच.

मला क्रॉनिक मायग्रेन आहे. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, त्यातले निदान ८ दिवस खऱ्या मायग्रेनसारखे, अन् असं तीन महिन्यांच्या वर चाललं की त्याला क्रॉनिक म्हणतात. गावात सेवा केंद्र चालवते, म्हणजे उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, सकाळपासून स्क्रीनसमोर, आणि वर जुनी चोकवाली ट्यूब. व्होल्टेज पडलं की ती फडफडते ते सगळ्यांनाच दिसतं, पण नीट चालू असते तेव्हाही ती सेकंदाला १०० वेळा मिणमिणत असते, कारण आपली लाइन ५० हर्ट्झची, डोळ्याला नाही कळत पण डोक्याला कळतं.

या काचेचा रंग नुसता शोभेचा नाही. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवट उजेड ती अडवते, अन् डोळ्यातल्या ज्या पेशींमुळे उजेडाने ठणका वाढतो त्या नेमक्या त्याच उजेडाने जास्त चाळवतात. इंग्लंडात १९९१ साली मायग्रेनवाल्या लहान मुलांवर हा रंग तपासला होता, महिन्याला सरासरी ६.२ अटॅक होते ते चार महिन्यांत १.६ वर आले. दुसऱ्या मुलांना निळ्या काचा दिल्या होत्या, त्यांनाही सुरवातीला बरं वाटलं पण ते टिकलं नाही. अभ्यास लहानसाच होता म्हणून मी त्याला देववाणी समजत नाही, पण अगदीच थापा नाहीत एवढं कळलं.

खरी परीक्षा झाली ती जिल्ह्याच्या ठिकाणी मायग्रेन जनजागृतीची परिषद होती तिथे. मी स्वयंसेवक म्हणून गेले होते, आम्ही बहुतेक स्वयंसेवक स्वतःच पेशंट, त्यामुळे एकाचं डोकं धरलं की दुसऱ्याने टेबल सांभाळायचं असं आधीच ठरलेलं. मंगल कार्यालयात कार्यक्रम. आता बघा, परिषद मायग्रेनची आणि स्टेजमागे चकचक करणारी एलईडीची भिंत, छताला लग्नातल्या रंगीत माळा, त्याही लुकलुकणाऱ्या! आम्ही बंद करा म्हटलं तर तिथला माणूस म्हणे, "ताई, कार्यक्रम हाय, लाइट तं पाहिजेनच ना, पब्लिकले काय वाटन?" शेवटी आमच्यातल्या एका मावशींनी त्याला समोर बसवून समजावलं तेव्हा माळा बंद झाल्या, भिंत मात्र तशीच.

मी नोंदणीच्या टेबलवर, भिंत बरोबर समोर. एरवी अशा ठिकाणी अर्ध्या तासात डाव्या डोळ्यामागे खिळा ठोकल्यासारखं सुरू होतं, त्या दिवशी जेवणापर्यंत टिकले. जेवण उशिरा आलं, वडाभात होता, छान होता पण तोवर पोट रिकामं, आणि पोट रिकामं राहिलं की माझं डोकं काही ऐकत नाही, तिथे चष्मा काय करणार. अटॅक आलाच. मागच्या खोलीत पडदे लावून गाद्या टाकल्या होत्या, ना अगरबत्ती ना अत्तर, तिथे जाऊन पडले. अख्ख्या कार्यक्रमात सगळ्यात शहाणी गोष्ट ती खोलीच.

एक गंमत सांगते. सकाळी टेबलवर कोणी येईच ना! लोक लांबूनच बघायचे अन् शेजारच्या टेबलकडे वळायचे. एका काकूंनी तर नातवाला मागे ओढलं अन् मला विचारलं, "डोये आले काय वो बाई?" म्हणजे रंगीत चष्मा दिसला की आपल्याकडे एकच अर्थ. नाही काकू, डोळे नाही आले, अर्धशिशी आहे, हा त्याचा चष्मा, असं म्हटल्यावर त्या जवळच बसल्या आणि त्यांचीही कहाणी निघाली. सूर्य उगवायच्या आधी दूध-जिलबी खाऊन झाली, नाकात तूप सोडून झालं, अंगारा झाला, आणि आता रोज मेडिकलमधून एक गोळी. डॉक्टर मॅडमच्या भाषणात नेमकं तेच होतं, की साधी पॅरासिटामॉल महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, अन् कॉम्बिनेशनच्या (एकात दोन-तीन औषधं) किंवा ट्रिप्टानच्या (खास मायग्रेनच्या) गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं महिनोनमहिने चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. काकू माझ्याकडे बघून म्हणे, "पण गोयी खाल्ल्याबिगर मले सुदरतच नाही ना." त्यांना मी डायरीचा कागद दिला, दुखलं त्या दिवशी फुली आणि गोळी घेतली तर गोल. लिहिता येत नाही म्हणाल्या, फुली तर येते ना, म्हटलं.

त्याच भाषणात चष्म्याबद्दल एक कामाचं ऐकलं. घरात, दुकानात काळा गॉगल घालून बसायचं नाही, डोळ्यांना अंधाराची सवय होते आणि मग साधा उजेडही टोचतो. इकडे उलटंच चालतं, डोकं दुखलं की काळा गॉगल आणि खोलीत अंधार. अटॅकमध्ये अंधार ठीक आहे, रोजचं नको. या बाबतीत गुलाबी चष्मा बरा, कारण त्यातून वाचता येतं, काम करता येतं.

आता तक्रारी. एक तर आपल्या उन्हात हा पुरत नाही. मे महिन्यात ४५-४६ च्या उन्हात एसटीची वाट बघत उभं राहायचं असेल तर डोक्याला दुपट्टा अन् साधा उन्हाचा गॉगलच लागतो. दोन, बाजूने उघडा आहे, खिडकीचा उजेड कानाकडून सरळ आत येतो, रुंद काडीचा घ्यायला हवा होता. तीन, रंग फसतात. हिरवं मळकट दिसतं, पांढरं गुलाबी. शेतात घालून गेले तर कापूस गुलाबीच, मी बाबांना सहज म्हटलं कापूस गुलाबी दिसून राहिला, ते दचकले ना, गुलाबी बोंडअळी की काय! रात्री गाडी चालवताना तर घालूच नका, आधीच रस्त्यावर दिवे नाहीत. आणि घामाने नाकावरून घसरतो, पण तो दोष चष्म्याचा का विदर्भाचा ते तुम्ही ठरवा.

सेवा केंद्रात मात्र फरक नक्की आहे. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला रात्री उशिरापर्यंत लाइन असते, पूर्वी त्यानंतर दुसरा दिवस उलट्यांत जायचा, यंदा डोकं जड झालं पण आडवी नाही पडले. अर्थात रात्रीची अमिट्रिप्टिलिन, म्हणजे अटॅक कमी यावेत म्हणून रोज घ्यायची गोळी, चालूच आहे, त्यामुळे सगळं श्रेय चष्म्याला देणार नाही, आणि कोणी तुम्हाला चष्मा घ्या अन् गोळ्या सोडा म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका.

मला बिननंबरचा अडीच हजारांच्या आत पडला. ऑनलाइन मागवला पण गावच्या पिनकोडला डिलिव्हरी नाही, तालुक्याला एका नातेवाइकाच्या दुकानाचा पत्ता द्यावा लागला. नंबरचा चष्मा असेल तर वरून लावायची क्लिप मिळते, नाहीतर नंबरच्या काचेलाच हा रंग देऊन मिळतो, त्याला पैसे जास्त. बाजारात दीडशे-दोनशेचा गुलाबी फॅशनचा गॉगल मायग्रेनचा म्हणून खपवणारे आहेत, तो हा नव्हे. घेताना ४८० च्या आसपासचा उजेड किती अडतो ते दुकानदाराला विचारा, त्याला प्रश्नच कळला नाही तर सरळ पुढच्या दुकानात जा.