सहा हजार दोनशेचा आरसा आणि मागची ट्रॅव्हल्स

मागच्या ऊस हंगामातली गोष्ट. डिसेंबरातला शुक्रवार, रात्रीचे साडेआठ. पेठ नाक्याच्या जरा अलीकडे मला उसाची ट्रॉली दिसली नाही. म्हणजे दिसली, पण पार तोंडावर आल्यावर. ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले, शेजारच्या सीटवरचा आईचा डबा खाली गेला आणि आमटी पायपुसण्याने प्यायली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर होता तिथे चिखल होता. त्याबद्दल ट्रॅक्टरवाल्याला मनात यथेच्छ बोलून झालं. पण घरी आल्यावर विचार करताना लक्षात आलं की निम्मा दोष समोर नव्हताच, मागे होता. कासेगाव सोडल्यापासून एक ट्रॅव्हल्स अप्पर लावून माझ्या शेपटीला चिकटलेली होती. तिचा सगळा झोत मधल्या आरशातून माझ्या डोळ्यांत. डोळे असे दिपल्यावर पुढच्या अंधारात काळी ट्रॉली काय दिसणार कपाळ!

मी साताऱ्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आई कोल्हापूरला एकटी असते, त्यामुळे दर शुक्रवारी शाळा आवरून निघते आणि थंडीत तासवडेचा टोलनाका येईपर्यंत मिट्ट अंधार असतो. वय 53. उंची चार फूट अकरा इंच, म्हणून सीट पुढे ओढलेली, वर उचललेली आणि आरसा जवळजवळ नाकासमोर. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणून सांगितलंय. काढायची वेळ अजून आलेली नाही, पण भिंग किंचित गढूळ झालं की आत आलेला प्रकाश विखुरतो आणि एका दिव्याचं धुकं सगळ्या चित्रावर पसरतं. पंचविशीत जे डोळे क्षणात सावरायचे, ते आता बराच वेळ घेतात.

आधी स्वस्तातले उपाय करून झाले. रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी म्हणून मिळतो तो पिवळा चष्मा आणला. त्याने आख्खा महामार्ग हळदीच्या कार्यक्रमासारखा दिसू लागला आणि जे आधीच अंधुक होतं ते आणखी अंधुक झालं. मग ह्यांनी मूळ आरशावर अडकवायचा लांबलचक निळा आरसा आणला. तो रात्री बरा, पण दिवसाही तितकाच निळा, आणि बहिर्वक्र असल्यामुळे मागची गाडी लांब वाटायची. दोन्ही वस्तू आता ह्यांच्या कपाटात आहेत.

आणि हो, आरशाखालचा तो खटका. नऊ वर्षं मी त्याला आरसा धरायची मूठ समजत होते, हे विज्ञानाच्या शिक्षिकेने कबूल करायला लाज वाटते. साध्या डे-नाइट आरशाची काच पाचरीसारखी असते, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. दिवसा आपण मागच्या चंदेरी थरातलं प्रतिबिंब बघतो. खटका ओढला की ते प्रतिबिंब गाडीच्या छताकडे जातं आणि आपल्या वाट्याला येतं ते फक्त काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरचं फिकट परावर्तन, पडलेल्या प्रकाशाच्या जेमतेम 4 टक्के. फुकटातली अतिशय हुशार युक्ती. तुमच्या गाडीत असेल तर आधी ती वापरा. माझी अडचण एवढीच की हायवेवर मागची गाडी कायम नसते. ट्रॅव्हल्स आली की ओढा, गेली की ढकला, विसरलात तर पुढचे वीस किलोमीटर मागे नुसते तरंगते दिवे, गाडी किती मोठी नि किती जवळ त्याचा पत्ता नाही. शिवाय प्रत्येक वेळी एक हात स्टिअरिंगवरून सुटतो.

तेव्हा जानेवारीत आपोआप काळवंडणारा आरसा बसवून घेतला. माझ्या गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला तो कंपनीतूनच येतो. आमचं मधलं व्हेरिएंट, म्हणून वेगळा घ्यावा लागला. आरसा 5600, बसवणावळ 600.

दुकानातला मुलगा माझाच जुना विद्यार्थी निघाला. ‘बाई, हे बघा,’ म्हणत त्याने आरशाच्या पाठीवरचा बारीक डोळा अंगठ्याने झाकला आणि पुढच्या डोळ्यावर मोबाइलची बॅटरी मारली. दोन-चार सेकंदांत काचेचा रंग शेवाळलेल्या विहिरीच्या पाण्यासारखा हिरवट-निळा गडद झाला. बॅटरी बंद केली, रंग हळूहळू निवळला. आरसा विकत घेताना ही चाचणी दुकानातच करून घ्या, दुसरं काही बघायची गरज नाही.

आता दोन मिनिटं वर्गात बसा. या आरशाला दोन सेन्सर असतात. पाठीवरचा समोरच्या काचेतून बाहेर बघतो आणि अंधार पडलाय का ते ठरवतो. पुढचा मागच्या गाड्यांकडे बघतो. बाहेर अंधार आणि मागे झगझगाट, असं जुळलं तरच आरसा कामाला लागतो. काच एक नसून दोन असतात, मध्ये रसायनाचा पातळ थर, आणि आतल्या बाजूंना वीज वाहून नेणारे लेप. दीडच्याही आतला व्होल्ट दिला की एका बाजूला एका रसायनाचं क्षपण होतं, म्हणजे ते इलेक्ट्रॉन घेतं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचं ऑक्सिडीकरण, म्हणजे ते इलेक्ट्रॉन देतं, आणि दोन्ही रंगीत होतात. वीज काढून घेतली की इलेक्ट्रॉनची उसनवारी परत फिटते आणि द्रव पुन्हा पारदर्शक. ही देवघेव म्हणजे रेडॉक्स अभिक्रिया, मी बावीस वर्षं लोखंडी खिळा आणि मोरचुदावर शिकवत आले. ती डोळ्यांसमोर टांगलेली असेल असं वाटलं नव्हतं. हा आरसा बाजारात रुळवला तो अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या जेन्टेक्स कंपनीने. 1974 साली ती सुरू झाली धुराचे अलार्म बनवायला. धूर ओळखायला प्रकाश मोजावा लागतो, तीच विद्या पुढे आरशाला लावली. 1982 साली आणलेला पहिला आरसा म्हणजे आपला खटकाच, फक्त ओढायला मोटर. रंग बदलणारी काच आली 1987 मध्ये.

तर अनुभव. पहिल्या शुक्रवारी उंब्रजच्या पुढे एक कंटेनर मागे आला. एरवी मी मान तिरकी करून गाडी चालवू लागते, तशी सवयीने केलीही, आणि मग लक्षात आलं की गरज नाही. आरशात दोन शांत, हिरवट दिवे होते. कंटेनरची चौकट दिसत होती, ड्रायव्हरच्या टपावरची झिरमिळीसुद्धा. खटक्याच्या आरशात जे हरवतं ते इथे शिल्लक राहतं, कारण हा आरसा झोताच्या मानाने तेवढाच काळवंडतो. कंटेनर ओव्हरटेक करून गेला, काच निवळली, मी काहीच केलं नाही. किणी टोलनाक्याच्या लख्ख उजेडात मात्र मागे ट्रक असूनही आरसा स्वच्छच राहिला. आधी वाटलं बिघडला. पण पाठीवरच्या सेन्सरला तिथे रात्र वाटतच नाही, आणि इतक्या उजेडात डोळेही दिपत नाहीत. बरोबर आहे त्याचं.

कोल्हापूरला पोचल्यावर कपाळ दुखत नव्हतं. आईने दार उघडल्या उघडल्या विचारलं, ‘आज लवकर निघालीस होय?’ वेळ तीच होती.

आता तक्रारी. आरसा बसवल्यावर चौथ्या दिवशी आमच्या बोळात रात्री गाडी रिव्हर्स घेत होते. मागे कुणाची तरी मोटरसायकल दिवा लावून थांबलेली. आरसा गडद झाला आणि मी शेजाऱ्यांची तुळशीची कुंडी फोडली. रिव्हर्स टाकल्यावर हा आरसा आपोआप स्वच्छ व्हायला हवा. त्यासाठी मागच्या रिव्हर्स दिव्यापासून एक वायर आरशापर्यंत आणावी लागते. आमच्या गुणी विद्यार्थ्याने ती छताच्या आतून ओढायचा कंटाळा केला होता. ‘बाई, त्याच्यावाचून काही अडत नाही.’ दहावीतही प्रयोगवहीबद्दल हेच म्हणायचा. दुसऱ्या दिवशी समोर उभी राहून वायर टाकून घेतली. कुंडीचे 180 रुपये त्याच्याकडून घेतले नाहीत, पण सांगितले जरूर.

दुसरी गंमत, आरसा भर दुपारी काळा पडायचा. कारण निघाला ह्यांनी आरशाच्या दांडीला बांधलेला लाल-भगवा गोंडा. तो नेमका पाठीवरच्या सेन्सरसमोर लोंबत होता, म्हणजे आरशाच्या लेखी सतत रात्र. गोंडा आता गिअरजवळच्या कप्प्यात आहे. देव तिथूनही बघतो, असं ह्यांना समजावलंय.

काचेला तडा गेला तर आतलं रसायन गळून डॅशबोर्ड खराब होतो, तेव्हा मुलांना आरशाशी खेळू देऊ नका. आणि काच निवळायला काळवंडण्यापेक्षा जरा जास्त वेळ लागतो. पहाटेच्या गारठ्यात तर आणखी. घाईच्या माणसाला ते खटकेल, मला नाही.

या आरशाकडून काय मागायचं हे मात्र नीट समजून घ्या. स्टाफरूममध्ये दोघींनी विचारलं, ‘समोरून येणाऱ्यांचं काय गं?’ काहीच नाही. आरसा फक्त पाठीमागचं बघतो. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाची जी वळणं निघाली, तिथे दुभाजक नसलेल्या पट्ट्यात समोरचा अप्पर तसाच तोंडावर येतो. त्यात हॅलोजनच्या घरात पांढरा एलईडी बल्ब कोंबलेल्या गाड्या. त्या परावर्तकाची घडण तारेच्या ठरलेल्या जागेसाठी असते, बल्ब बदलला की प्रकाश रस्त्यावर कमी आणि आपल्या डोळ्यांत जास्त. लहानपणी गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवलेला असायचा, ते आठवतं.

बोट दाखवताना स्वतःकडेही तीन वळली. कोल्हापूरहून परतताना डिकीत आईने दिलेले तांदूळ, गूळ आणि दोन शहाळी जास्तच असतात. मागून गाडी बसली की नाक वर होतं आणि माझा डिप्परसुद्धा पुढच्याच्या आरशात घुसतो. स्टिअरिंगच्या उजवीकडे शून्य ते तीन आकड्यांची चकती असते, ती दिवे खाली करायला. तीही मला नऊ वर्षांनी सापडली.

एवढं करून उजव्या बाजूचा आरसा आहे तसाच आहे. माझ्या गाडीला बाहेरचे आरसे या प्रकारचे मिळत नाहीत, महागड्या गाड्यांना मिळतात. मधला शांत झाल्यापासून हा उजवा जास्तच टोचतो. सध्या अंधार पडला की काच खाली करून हाताने तो जरा बाहेर ढकलते आणि सकाळी परत आत घेते. ह्यांनी त्यावर निळी फिल्म चिकटवायचा प्रस्ताव ठेवलाय. कपाटात जागा आहे, म्हटलं.