पिरेअस ते सांतोरिनी: मोठी बोट की फास्ट बोट?

ग्रीसला जायचं, अथेन्स, मग नाक्सोस आणि सांतोरिनी ही बेटं आणि परत अथेन्स असा बेत ठरला की तिकिटं बघताना एकाच दिवसाच्या दोन बोटी समोर येतात. एक सकाळी सातच्या सुमाराला अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघते आणि दुपारी तीनच्या आसपास सांतोरिनीला पोचते. दुसरी तेच अंतर पाचेक तासांत कापते आणि त्याचे दीडपट ते दुप्पट पैसे घेते. बहुतेकांचं बोट दुसऱ्या बोटीवर पडतं. सुट्टी मोजून दहा दिवसांची, त्यात तीन तास वाचतायत तर का सोडा? पहिल्या खेपेला मीही हाच हिशेब केला होता. आता कुणी विचारलं तर लांबच्या टप्प्याला मी मोठीच बोट सांगते, आणि त्यात पैशाचा भाग सगळ्यात कमी आहे.

आधी या दोघी आहेत काय ते बघू. मोठी बोट म्हणजे खरोखरचं जहाज. ब्ल्यू स्टार कंपनीचं ‘डेलोस’ सुमारे १४५ मीटर लांब आहे आणि २,४०० माणसं घेतं. पोटात ट्रक, मोटारी, भाजीचे टेम्पो, वर चार-पाच मजले, उपाहारगृहं आणि उघडे डेक. वेग चोवीस-पंचवीस नॉट, म्हणजे ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास. फास्ट बोट ही बहुधा दोन सांगाड्यांची कॅटामरान असते, सीजेट्ससारख्या कंपन्यांची. ती ३५ नॉटच्याही पुढे जाते. काही कॅटामरान मोटारीही घेतात, लहान असतील त्या फक्त माणसं.

फास्ट बोटीत तुम्ही विमानात बसावं तसे बसता. नंबर असलेली खुर्ची, एसी, समोर टीव्ही, बंद खिडक्या. उघड्यावर उभं राहायला जागा नसते किंवा असली तर मागच्या बाजूला हातभर. खिडकीच्या काचांवर खाऱ्या पाण्याचे थर वाळलेले, त्यामुळे बाहेर निळं काहीतरी आहे एवढंच कळतं. मोठ्या बोटीवर सगळ्यात स्वस्त तिकीट डेकचं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात चांगलं. दोन युरो वाचवल्याच्या आनंदात फ्रेडो एस्प्रेसो, म्हणजे तिथली गार कॉफी, घ्यायची, डबा उघडायचा (धपाटे आणि लोणच्याला कुणी नाक मुरडत नाही, शेजारची ग्रीक आजीही स्वतःचा डबा उघडूनच बसलेली असते) आणि बेटं येताना-जाताना बघायची. पारोस येतं, तासाभरात नाक्सोस. तिथे बंदरात शिरतानाच डाव्या-उजव्याला मान वळवून संगमरवराची एक भलीमोठी चौकट शोधायची. अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, ते अर्धवटच राहिलं, आणि दार तेवढं उभं आहे. मग सांतोरिनी. ज्वालामुखी फुटून समुद्र आत शिरलेल्या त्या कड्यांच्या कोंडाळ्यात जहाज हळूहळू शिरतं, आणि वर कड्याच्या काठाला पांढरी घरं साखर सांडल्यासारखी दिसतात. लोक या दृश्यासाठी वर हॉटेलात रात्रीचे शेकडो युरो मोजतात. डेकवर ते तिकिटातच आहे. फास्ट बोटीच्या खुर्चीत बसून मी तेव्हा टीव्हीवरचा ग्रीक स्वयंपाकाचा कार्यक्रम बघत होते.

पण खरा मुद्दा वाऱ्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. त्याचं आपल्या पावसाळ्याशी नातं आहे: भारतात मोसमी वारे ओढून आणणारा कमी दाबाचा पट्टा पाकिस्तान, इराणवरून पार तुर्कस्तानापर्यंत पसरलेला असतो, बाल्कनच्या बाजूला दाब जास्त, आणि मधल्या समुद्रातून हवा धावत सुटते. आपण तिकडे पावसातून सुटका म्हणून जातो आणि त्याच पावसाचा चुलतभाऊ तिथे भेटतो. फसवा मात्र फार. कोकणात दर्या खवळायचा तर आधी आभाळ काळं होतं. इथे ऊन लख्ख, एक ढग नाही, आणि समुद्रावर पांढऱ्या फेसाचे घोडे. लाटा उंच नसल्या तरी आखूड आणि एकामागोमाग एक असतात. कॅटामरान त्यांच्यावर आपटत जाते. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना ही बोट हमखास लागते. मोठं जहाजही हलतं, पण सावकाश, आणि माणूस उठून वाऱ्यावर जाऊ शकतो. बंद केबिनमध्ये शेजारच्याच्या हातात कागदी पिशवी असताना कुठे जाणार?

वारा वाढला की ग्रीक तटरक्षक दल प्रवासबंदी लावतं. तिला तिथे ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात, आणि उन्हाळ्यात बेटावरच्या प्रत्येक चहाच्या, म्हणजे कॉफीच्या, टेबलावर हा शब्द ऐकू येतो. मोठ्या बोटी साधारणपणे ब्युफोर्ट मोजपट्टीवर आठचा वारा, म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर, धरेपर्यंत चालतात. फास्ट बोटी त्याआधीच बंद होतात. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको: गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा पावसाळ्यात बंद होतात, भाऊच्या धक्क्यावरची रो-रो मात्र बहुतेक दिवस चालू असते.

त्या पहिल्या खेपेला आमची नाक्सोसची फास्ट बोट सकाळी रद्द झाली. कंपनीने मोबाईलवर संदेश पाठवला, तो आम्ही धक्क्यावर पोचल्यावर वाचला. त्याच धक्क्यावर दुपारी मोठं जहाज आलं, गच्च भरलेलं, आणि आम्ही जिन्याच्या पायरीवर बसून गेलो. तीन तास वाचवायला निघालो होतो, पाच गेले.

तेवढं झालं नसतं तरी ते तीन तास हाती किती लागतात हेही बघा. सांतोरिनीत खोली बहुतेक ठिकाणी दुपारी तीनला मिळते. बारा वाजता पोचून सामान हॉटेलच्या कोपऱ्यात टाकून भर उन्हात हिंडायचं, याला वेळ वाचवणं म्हणायचं तर म्हणा.

फास्ट बोट कधी घ्यावी? मिकोनोसहून सांतोरिनीला जायचं असेल तर दुसरा चांगला पर्याय जवळपास नाहीच. मोठ्या बोटींच्या वाटा वेगळ्या आहेत: एक पिरेअसहून सिरोस आणि मिकोनोसकडे, दुसरी पारोस, नाक्सोस, सांतोरिनीकडे. या दोन वाटांना जोडायचं काम फास्ट बोटी करतात, तेही मुख्यतः एप्रिल ते ऑक्टोबर. सांतोरिनीहून क्रीटला जातानाही तेच, दोनेक तासांचा पल्ला. मे, जून किंवा सप्टेंबरमध्ये वारा बराच नरम असतो, तेव्हा या पल्ल्यांना बिनधास्त घ्या. पारोस ते नाक्सोससारख्या उडीला तर तुलनाच करू नका. मोठ्या बोटीला पाऊण तास, फास्टला अर्धा. जी वेळेला सोयीची ती.

विमानाबद्दल थोडक्यात. अथेन्सहून सांतोरिनी किंवा मिकोनोस पाऊण-एक तासात होतं, आणि सोबत खूप म्हातारं माणूस असेल तर तेच बरं. पण एका बेटावरून दुसऱ्या बेटावर विमानाने जायचं तर बहुतेक वेळा अथेन्सलाच परत यावं लागतं, आणि इओस, अमोर्गोस, कुफोनिसिया अशा बेटांवर विमानतळच नाही.

एक तिसरी बोटही आहे, जी तुलनेत धरत नाहीत. नाक्सोसहून इराक्लिया, स्खिनुसा, कुफोनिसिया करत अमोर्गोसला जाणारी ‘स्कोपेलितिस एक्सप्रेस’. नावात एक्सप्रेस असलं तरी सगळ्या थांब्यांवर थांबते, आपल्या लाल डब्यासारखी. पिठाची पोती, औषधं, शाळामास्तर, सगळं तिच्यावरून जातं. वाऱ्यात ती भरपूर डुलते. वेळ असेल आणि पोट दगडाचं असेल तर हीच घ्या.

तिकीट मोठ्या बोटीचं असेल तर आठवडाभर आधीही बहुधा मिळतं. अपवाद १५ ऑगस्टच्या आसपासचा. तो मेरीमातेचा सण. तीनोस बेटावरच्या देवळाला लोक धक्क्यापासून गुडघ्यांवर रांगत जातात, आणि उरलेला ग्रीस आपापल्या गावी निघतो. गणपतीत कोकणात जायचं तिकीट काढलेल्या माणसाला त्या गर्दीचा अंदाज येईल. त्या दिवसांत मोटार न्यायची असेल तर महिना-दोन महिने आधी बघा, आणि भाड्याची मोटार असेल तर ती बोटीवर चढवायला परवानगी आहे का ते मालकाला आधी विचारा. बरेच जण नाही म्हणतात.

मिकोनोसला थेट विमानतळावरून जायचं असेल तर पिरेअसच्या नादी न लागता रफिना बंदर बघा, ते विमानतळाच्या खूप जवळ आहे. पिरेअसला मेट्रो विमानतळावरून थेट जाते, तासभर धरा, पण बंदर अवाढव्य आहे आणि फाटकं ई-१ ते ई-१२ अशी दूरदूर पसरलेली. तिकिटावरचं फाटक आदल्या रात्रीच बघून ठेवा.

चढताना सामान खाली गॅरेजमध्येच, बेटाचं नाव लिहिलेल्या मांडणीत ठेवायचं. तुमचं बेट यायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी खाली उतरून उभं राहायचं, कारण बोट धक्क्याला फारच थोडा वेळ थांबते. ट्रकांच्या धुरात, इंजिनाच्या गोंगाटात दोनशे माणसं बॅगा धरून उभी, आणि मग समोरचा लोखंडी दरवाजा पूर्ण थांबायच्या आधीच खाली यायला लागतो.

आणि परतीचं विमान ज्या दिवशी आहे त्या दिवशी सकाळची कुठलीही बोट, मोठी असो वा फास्ट, धरू नका. वारा नसला तरी खलाशांचा संप असू शकतो. बोट रद्द झाली तर युरोपीय नियमाप्रमाणे पैसे परत किंवा पुढची बोट मिळते, मात्र हवामानामुळे रद्द झाली असेल तर हॉटेलचा खर्च तुमचाच, आणि चुकलेल्या विमानाचं तर कुणी विचारतही नाही. शेवटची रात्र अथेन्समध्ये काढा.