जर्मनीत मुलांना कुठं घालावं: इंटरनॅशनल शाळेत की गल्लीतल्या?

आम्ही राहतो त्या स्टुटगार्टकडच्या शाळांना जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्ट्या असतात. त्यामुळे दिवाळी नाही, पण पोळा आम्हाला गावात सापडतो. आणि पोळ्याला आलो की कोणी ना कोणी हा प्रश्न घेऊन घरी येतंच. यंदा आर्वीकडचे एक जण आले होते. पुण्याच्या कंपनीकडून स्टुटगार्टला जायचं ठरलंय, पोरगा सहाचा, पोरगी तीनची. आई चहा टाकते तोवर त्यांनी मोबाइलवर दोन शाळांचे तक्ते उघडून माझ्यापुढे धरले. नेमकी त्या दिवशी खांदशेकणी होती, बैल दारात उभे होते, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. म्हणून आता सवडीनं लिहितो आहे. त्यांच्यासारखा आणखी कोणी असेल तर त्यालाही उपयोगी पडेल.

फी, बोर्ड, वर्गात मुलं किती, हे तुम्ही माझ्या आधीच बघून ठेवलेलं असणार. सरकारी शाळेला फी नाही आणि इंटरनॅशनलची वर्षाची फी ऐकून आमच्या बाबांनी दोन एकराचा भाव काढला होता, एवढंच सांगतो. आमची फी पहिली दोन वर्षं कंपनी भरणार होती, म्हणून पैशाचा मुद्दा माझ्यापुरता बाजूला होता. तुमच्या बाबतीत नसेल तर पुढचं वाचायची फारशी गरजही नाही.

मी दोन्ही केलंय. थोरला सात वर्षांचा असताना गेलो. पहिलं वर्ष त्याला इंटरनॅशनलमध्ये घातलं, मग काढलं आणि राहत्या गावातल्या ग्रुंडशूलेत टाकलं. ग्रुंडशूले म्हणजे तिकडची पहिली ते चौथी. धाकटी तर सरळ तिथंच गेली.

इंटरनॅशनल शाळा वाईट होती असं मुळीच नाही. शिकवणं उत्तम. पोरगं पहिल्या दिवसापासून इंग्रजीत बोलायला लागलं, बाईंच्या ई-मेल आम्हाला कळायच्या, दुपारचं जेवण तिथंच, शाळा साडेतीनपर्यंत, त्यामुळे दोघांच्या नोकऱ्या सुरळीत. दोन-तीन वर्षांत परत यायचं नक्की असेल, तर तीच घ्या असं मीही म्हणेन. मूल दहा-अकराच्या पुढचं असेल तरीही तीच. कारण जर्मनीत बहुतेक ठिकाणी चौथीनंतरच मुलांची वाट फुटते, कोणी गिम्नाझियुमला, म्हणजे पुढं विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, कोणी रेआलशूलेला, म्हणजे दहावीपर्यंतच्या शाळेत. जर्मन येत नसलेलं पोर ऐन चौथीत जाऊन पडलं तर त्याची हुशारी दिसायला वेळच मिळत नाही.

माझं मन उडालं ते बसवरून.

बस आमच्या कोपऱ्यावर सहा पंचावन्नला यायची. डिसेंबरात स्टुटगार्टला सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे पोराला अंधारात उठवायचं, अंधारात दूध पाजायचं, टोपी, हातमोजे, आतून लोकरी पायजमा, वरून जॅकेट असं बांधून अंधारातच उभं करायचं. बस गावोगावची मुलं गोळा करत जायची, तास-सव्वा तास. परत यायला पावणेपाच. साडेचारच्या आसपास तिकडं दिवस मावळतो. मी काही मोजमाप ठेवलं नाही, पण त्या डिसेंबरात आमच्या पोरानं शनिवार-रविवार सोडून स्वतःचं घर उजेडात पाहिलं नाही, एवढं खात्रीनं सांगतो. घरी आला की जोडे काढता काढता दारातच पायपुसण्यावर झोपून जायचा. एक पाय जोड्यात, एक मोकळा. तसाच उचलून आत न्यायचो.

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्यात. आमच्याकडे पोट्टे एसटीनं जातच होते की. मीही गेलो. गावात सातवीपर्यंत शाळा, आठवीपासून तालुक्याला. तेव्हा मुलींसाठीच्या निळ्या बस नव्हत्या, एकच गाडी होती आणि तिची वाट बघत फाट्यावर बसायचं. पण त्या एसटीचं मला आठवतं ते वेगळंच. आमची गाडी गावात शिरायची तेव्हा पाराजवळचा विटीदांडूचा डाव मोडून पोरं घरी निघालेली असायची. सातवीपर्यंत ज्यांच्यासोबत खेळलो, त्यांच्यातच मी वर्षभरात पाव्हणा झालो. फाट्यावर थंडीत कुडकुडण्याचं दुःख नव्हतं, ते डाव मोडल्याचं होतं. माझ्या पोराचा तर डाव मांडलाही गेला नव्हता.

कारण इंटरनॅशनलच्या मुलांची घरं एकमेकांपासून वीस-तीस किलोमीटरवर. त्याचा जिवलग मित्र होता एक कोरियन मुलगा. त्यांनी दोन तास खेळायचं तर आधी आयांचे निरोप, मग तारखा, मग गाडीनं सोडणं-आणणं. पंधरा दिवसांनी एकदा जमायचं. जूनमध्ये त्या मुलाच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब गेलं. तिथं हे चालतंच, दर जूनला वर्गातली चार-पाच नावं बदलतात. आणि आमच्या इमारतीखाली रोज दुपारी आठ-दहा पोरं फुटबॉल खेळायची, त्यातल्या एकाचंही नाव आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

तर दुसऱ्या वर्षी कंपनीचा सजवलेला फ्लॅट सोडला आणि शहराबाहेरच्या एका गावात भाड्यानं घर घेतलं. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बाडेन-वुर्टेंबेर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्यात, सरकारी ग्रुंडशूले तुम्ही निवडत नाही, तुमचा पत्ता निवडतो. ज्या हद्दीत घर, त्या हद्दीची शाळा. म्हणून आधी घर आणि मग शाळा असं दोनदा ठरवायचं नसतं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, घरमालकाचं सहीचं पत्र जोडायचं. गोवराच्या लसीचा पुरावाही शाळेत लागतो, 2020 च्या मार्चपासून तसा कायदाच आहे. आमच्या थोरल्याचं कार्ड इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं, शिक्का इतका पुसट की तिथल्या बाई ते खिडकीजवळ नेऊन उजेडात धरत होत्या. निघण्याआधी नवं लिहून घ्या.

घराचं म्हणाल तर कंपनीच्या फ्लॅटमध्ये चमच्यापासून सगळं होतं. नव्या घरात स्वयंपाकघर म्हणून जी खोली होती तिच्यात भिंतीतून आलेले दोन नळ होते, बस. ओटा नाही, बेसिन नाही, शेगडी नाही. तिकडं पुष्कळ घरं अशीच देतात, जुना भाडेकरू आपला ओटा उचलून नेतो. सव्वा महिना आम्ही न्हाणीघरात भांडी घासली. बायको अजून ते काढते. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते, तीही हाताशी ठेवा.

शिवाय तिथं केरवोखे असते. नावातच केर आहे, म्हणून लक्षात राहायला सोपं. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना आणि समोरची वाट झाडायची पाळी तुमची. पहिल्यांदा मला राग आला. आई आली तेव्हा मात्र तिला त्या देशातली हीच एक गोष्ट मनापासून पटली. शनिवारी सकाळी तिनं खराटा नाही म्हणून खंत केली आणि ब्रशनं अंगण झाडावं तशी वाट झाडून काढली. वरच्या मजल्यावरच्या आजी खाली येऊन बघत उभ्या राहिल्या. तिथून त्या घराशी आमचं बोलणं सुरू झालं, आणि त्यांचा नातू आमच्या पोराच्याच वर्गात निघाला.

ग्रुंडशूलेचे पहिले महिने सोपे नव्हते, हे लपवत नाही. जर्मन शिकवायला वेगळे तास होते, पण वर्गात पोरगं गप्प. दिवाळी गेली, नाताळ गेला, गप्पच. बाई म्हणायच्या, थांबा, ऐकतोय तो. आम्ही रात्री एकमेकांना विचारायचो, चुकलो का आपण? मार्चमध्ये एके दिवशी खालून भांडणाचा आवाज आला. खिडकीतून बघतो तर आमचंच पोट्टं, गोल झाला की नाही यावरून, फाडफाड जर्मनमध्ये. तेही पुस्तकी नाही. तिकडच्या भागातल्या बोलीत शब्दांच्या शेवटी 'ले' लावतात, लहान घराला हॉइस्ले, थोडंसं म्हणायचं तर बिस्ले. 'मले-तुले' ऐकत वाढलेल्या माणसाला हे कानाला किती ओळखीचं वाटलं म्हणून सांगू! पोरगं जर्मनीतलं वऱ्हाडी शिकून आलं होतं.

तिसरीत गुणपत्रक आलं, गणितात 1. फोटो गावी पाठवला तर बाबांचा लगेच फोन, "काऊन बाप्पा, शंभरातून एकच भेटला?" तिकडं 1 सर्वांत वरचा आणि 6 म्हणजे नापास, हे त्यांना पटवायला दोन दिवस लागले.

गैरसोयही सांगतो. शाळा बाराच्या सुमाराला सुटते. पुढं पैसे भरून मुलांना ठेवता येतं, पण जागा मिळेलच असं नाही. आम्हाला पहिलं वर्ष मिळाली नाही आणि बायकोला अर्धवेळ काम घ्यावं लागलं. ही किंमत लहान नाही, आणि ती मी नाही, तिनं मोजली. पहिलीच्या मुलांना 2026 च्या ऑगस्टपासून दिवसभराच्या सोयीचा कायदेशीर हक्क मिळतोय, पुढं वर्षाला एक इयत्ता वाढत जाईल, तेव्हा तुमच्या धाकटीच्या वेळी हे सोपं जावं. शाळेच्या चिठ्ठ्या मात्र सगळ्या जर्मनमध्ये आणि कागदावर. दप्तर रोज उलटं करून बघावं लागतं.

पण पोरगं चालत जायचं. नऊ मिनिटं. पहिले पंधरा दिवस मी मागून लपत गेलो, मग तेही सोडलं. चौथीत पोलीस येऊन सायकलची परीक्षा घेतात, ती झाल्यावर सायकल. घरी आला की दप्तर दारात आणि हा खाली. जेवायला हाका माराव्या लागतात, आई मला मारायची तशा.

दादाचंही सध्या असंच चाललंय. गावच्या जिल्हा परिषद शाळेतून काढून पुतणीला तालुक्याच्या कॉन्व्हेंटला घालायचं का. व्हॅन सकाळी साडेसहाला येते म्हणे. वहिनी माझ्याकडे बघत होती, मी तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैलाचं चाक ठोकत बसलो. घरच्या भांडणात पडू नये. पण व्हॅन पोरीला परत किती वाजता सोडते, एवढं विचारून ठेवा म्हटलं.

तुम्ही घर बघायला जाल तेव्हा दलालाला सकाळची वेळ देऊ नका. सव्वाबाराला त्या गल्लीत जाऊन उभे राहा आणि किती पोरं पाठीला दप्तर लावून एकटी चालत येतात ते बघा. आणि वर गेलात की आधी विचारा, ओटा आहे का.