माओरी जमीन: भाडेपट्ट्याने द्यावी की स्वतः कसावी?

न्यूझीलंडमध्ये एकेका माओरी (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) जमिनीचे शेकडो, कधी हजारो वारस मालक. आपल्या सातबाऱ्यावरची गर्दी त्यापुढे किरकोळ. भाडेपट्ट्याने दिली की डोक्याला ताप नाही, पैसे घरबसल्या. पण तिथल्याच तारानाकी भागात काय झालं? पट्टे कायमचे, भाड्याचा फेरविचार 21 वर्षांनी, तोही जमिनीवर केलेल्या सुधारणा वगळून नुसत्या जमिनीच्या किमतीवर. महागाईने भाडं खाल्लं, दुधाचा पैसा पट्टेदारांच्या खिशात गेला. 1997 च्या कायद्याने फेरविचाराची मुदत 7 वर्षांवर आणली, तेवढाच दिलासा.

स्वतः कसायची तर भांडवल हवं, आणि सहजी विकता न येणारी जमीन तारण घ्यायला बँका कचरतात. तरी माझं मत इकडेच. माओरी ट्रस्टांच्या पुढाकाराने मोकाईत उभी राहिलेली मिराका डेअरी भूगर्भातल्या वाफेवर दूध पावडर करते.